सुतळीला बांधलेली बाटली

दुखणं थांबलं म्हणजे माणूस बरा झाला, असं मला वयाच्या पंचविसाव्या वर्षी अगदी ठामपणे वाटत असे, आणि त्या ठामपणापायी मी एका भल्या तांडेलाचा उजवा डोळा जवळजवळ घालवला होता. हे आधीच कबूल करून टाकते. पुढे मी आमच्या डोळ्यांच्या सरांची जी थट्टा करणार आहे ती मग कुणाला खटकायची नाही. ज्याला हसायचं त्याच्यापेक्षा आपण जास्त मूर्ख होतो हे एकदा सांगून ठेवलं की मोकळेपणाने हसता येतं. तर आता थट्टा. आमच्या डोळ्यांच्या सरांनी जन्मात कुणाचा चेहरा म्हणून पाहिला नव्हता. ते फक्त डोळे पाहत. नाक, कान, कपाळ, मिशा हे सगळं त्यांच्या लेखी डोळ्यांभोवतीचं मोकळं आवार होतं. रस्त्यात मामलेदार भेटले, हसून नमस्कार करून गेले, तर सर मला विचारत, "कोण हो हे?" मी नाव सांगितलं की कपाळाला हात लावून म्हणत, "असं होय! डाव्या बुबुळाशी पिवळा ठिपका असलेले! अहो, गॉगल लावून हिंडल्यावर माणूस ओळखायचा कसा?" त्यांच्या पत्नी माझ्याकडे तक्रार करत, "लग्नाला तीस वर्षं झाली, माझ्या नाकात चमकी आहे की नाही ते विचार यांना." सर गोंधळून जात, जरा वेळ छताकडे बघत, आणि मग हळूच म्हणत, "चमकीचं आठवत नाही. उजव्या डोळ्यात निळसर तीळ आहे, खालच्या बाजूला. तो सांगू का?" यावर बाई आत जाऊन चहा टाकत.

स्वातंत्र्य येऊन दहा-अकरा वर्षं झाली होती. आमचा जिल्हा तेव्हा कुलाबा जिल्हा म्हणून ओळखला जायचा. खाडीकाठचं आमचं हॉस्पिटल म्हणजे कौलारू चाळ, पुढे पडवी, आणि पडवीच्या टोकाला एक खोली, जिला आम्ही ऐटीत कॅज्युअल्टी म्हणायचो. त्या खोलीत एक टेबल, एक बाकडं आणि पाळीपाळीने मी किंवा प्रधान. आम्हा दोघा शिकाऊ डॉक्टरांना हाऊसमन म्हणत. मी बाई असूनही हाऊसमनच, आणि त्याचाही मला अभिमान होता. मी मुंबईला शिकलेली, माहेरची पेणची, दोन वेण्या, आणि गळ्यात चोवीस तास स्टेथोस्कोप. बाजारात वांगी घ्यायला जाताना सुद्धा तो मी काढत नसे. न जाणो, एखाद्या वांग्याची छाती तपासावी लागली तर! डोळ्यांचे सर एकटेच, आणि आठवड्यातले तीन दिवस ते होडीने नाहीतर एसटीने गावोगाव मोतीबिंदू काढत हिंडायचे. म्हणून डोळ्याचा अपघात आला की पहिला हात आम्हा हाऊसमनांचा लागायचा. "डोळा काय माझी वाट बघत बसणार आहे?" असं म्हणून सरांनी आम्हाला तयार करायचा विडा उचलला, आणि तो त्यांनी अशा काही रीतीने उचलला की पहिल्या महिन्यात प्रधानने दोनदा राजीनामा लिहिला आणि दोनदा फाडला.

पहिल्या दिवशी त्यांनी आम्हा दोघांच्याही एकेका डोळ्यावर जाड पट्टी बांधली आणि म्हणाले, "आजची ड्यूटी अशीच." मला वाटलं, त्यात काय एवढं, दुसरा आहे की. दुपारपर्यंत मी दोन पायऱ्या चुकले, दाराच्या चौकटीला आदळले आणि सरांना चहा ओतून द्यायला गेले तो कपाच्या वीतभर अलीकडे, थेट त्यांच्या पँटवर ओतला. सर उठलेसुद्धा नाहीत. ओल्या मांडीकडे समाधानाने बघत म्हणाले, "आता कळलं ना, पट्टी बांधलेल्या माणसाला सायकलवरून घरी का पाठवायचं नाही ते? उद्या दुसरा डोळा." दर रविवारी ते खाटकाकडून बोकडाचे डोळे आणत, त्यांवर लोहाराच्या भट्टीतला लोखंडाचा कीस टोचून बसवत, आणि तो कण आम्ही सुईच्या टोकाने अलगद उचलायचा. मी पेणच्या सोवळ्याओवळ्याच्या घरातली मुलगी. पहिला डोळा माझ्याकडे बघायला लागला तेव्हा मी स्वतःचे दोन्ही मिटून घेतले. "डॉक्टरीणबाई," सर शांतपणे म्हणाले, "या टेबलावर एकाने तरी बघत राहायला हवं, आणि बोकडाला आता ते जमणार नाही." त्या रविवारी मी आईला पत्रात लिहिलं, अभ्यास उत्तम चालू आहे. कशावर, ते लिहिलं नाही. पण दोन महिन्यांत माझा हात असा बसला की प्रधान एक कण उचलेपर्यंत मी तीन उचलायचे, आणि तिथेच माझं डोकं फिरायला सुरुवात झाली.

सरांचा पहिला नियम असा, की दुखणाऱ्या डोळ्याला हात लावण्याआधी त्याला काय दिसतं ते विचारायचं; दोन्ही डोळ्यांना वेगवेगळं. आता अक्षरांचा तक्ता वाचू शकेल असं माणूस आमच्याकडे दिवसाकाठी एखादं यायचं. म्हणून सरांनी समोरच्या भिंतीवर मासे रंगवले होते. वर हातभर पापलेट, खाली बांगडा, त्याखाली बोंबील, मग कोळंबी, आणि तळाशी करंगळीच्या नखाएवढी मांदेली. कोळणी या तक्त्यासमोर आल्या की तपासणी बाजूला राहून वादच सुरू व्हायचा. "यो बांगडा न्हाय डागतर, याची शेपटी बग! यो तं सुरमईचा पोर!" सर लगेच स्टुलावर चढून शेपटी खोडत, तिच्या सांगण्यावरून नवी काढत, आणि खाली उतरून कागदावर लिहीत, नजर उत्तम. मी मात्र या तक्त्यावर साफ नापास झाले. बांगडा कुठला आणि बोंबील कुठला हे माझ्या सात पिढ्यांत कुणाला ठाऊक नव्हतं. सरांनी गंभीर चेहऱ्याने माझ्या नावापुढे लिहिलं, "दोन्ही डोळे अधू, उपचार चुलीवर, मासळी शिजवून करावेत."

दुसरा नियम किटलीचा. कॅज्युअल्टीच्या दारात उकळून निववलेल्या मिठाच्या पाण्याची किटली कायम भरलेली असे. डोळ्यात चुना गेला, मिरची गेली, सोडा गेला की आधी किटली, मग नाव-गाव. एकदा घराला चुना काढताना बादलीसकट पडलेला माणूस आला आणि प्रधानने सवयीने पेन काढून विचारलं, "पूर्ण नाव?" मागून आलेल्या सरांनी किटली उचलली आणि अशी काही धार धरली की अर्धी त्या माणसाच्या डोळ्यात आणि अर्धी प्रधानच्या वहीत. "चुना नाव विचारून भाजतो काय हो, प्रधान?" धुणं किती वेळ चालवायचं याचं मोजमापही घड्याळावर नव्हतं. जखमा धुणारे-बांधणारे आमचे ड्रेसर उस्मानभाई तरुणपणी भर वादळात दिघीहून आगरदांड्याला होडीने खाडी पार करून आले होते, आणि किटली हातात आली की ते ही हकीकत सांगायला लागत. हकीकतीला बरोबर पाव तास लागायचा, एक शब्द कमी नाही की जास्त नाही. डोळ्यात चुना असलेला माणूस खाली ओरडत असायचा, वर उस्मानभाईंचं शीड फाटत असायचं, आणि होडी आगरदांड्याच्या धक्क्याला लागेपर्यंत धार थांबायची नाही. पुढेपुढे हे आमचं अधिकृत मापच झालं. सर दारातूनच ओरडत, "चुना आहे? दोन फेऱ्या! मिरची आहे? भर खाडीत सोडून द्या!"

आणि पापण्या! वरची पापणी काडेपेटीच्या काडीवर उलटी करून तिच्या पोटात अडकलेला कण शोधायचा, हा सरांचा छंद म्हणा, व्यसन म्हणा. एसटीत शेजारी बसलेला माणूस डोळा चोळताना दिसला की सरांचा हात खिशातल्या काडेपेटीकडे जायचा. एका लग्नात भटजी मंगलाष्टकं म्हणत होते, अंतरपाट धरलेला होता, आणि कुणीतरी नेम धरून मारलेली अक्षता नवऱ्या मुलाच्या डोळ्यात गेली. आम्ही काही म्हणायच्या आत सर मांडवातून बोहल्यावर. "वर नका बघू, खाली बघा, मुंडावळ्या धरा कुणीतरी," असं म्हणत त्यांनी पापणी उलटली आणि नेमका त्याच क्षणी अंतरपाट खाली गेला. त्या बिचारीने आपल्या नवऱ्याचं पहिलं दर्शन घेतलं ते आतून लालभडक उलटलेल्या पापणीचं. तिने किंकाळी फोडली. सर तांदळाचा दाणा बोटावर धरून वऱ्हाडाला दाखवत होते.

आता ती बाटली. डोळ्यातला कण काढायच्या आधी डोळा बधिर करायचे थेंब घालतात. त्या थेंबांची तपकिरी बाटली सरांनी कॅज्युअल्टीच्या टेबलाच्या पायाला हातभर सुतळीने बांधून ठेवली होती. सगळं हॉस्पिटल त्या सुतळीला हसायचं. मला पहिल्या दिवशी ती दाखवताना सर म्हणाले, "डॉक्टरीणबाई, ही या घरची सून. हिला माहेरी पाठवायचं नाही." झालं. माझ्या नव्या विचारांना एवढी ठिणगी पुरली. सुनेला माहेरी का पाठवू नये, स्त्री म्हणजे काय दावणीची गाय आहे काय, यावर मी मनातल्या मनात असं झणझणीत भाषण तयार करत होते, की सर त्यापुढे दोन मिनिटं बाटलीबद्दल जे काही बोलले त्यातला एक शब्दही माझ्या कानात शिरला नाही. भाषण मात्र अजून पाठ आहे.

श्रावण नुकताच लागला होता. होड्या अजून किनाऱ्यावर ओढलेल्या होत्या, डागडुजी चालली होती, आणि नारळी पौर्णिमेला समुद्र खुला व्हायचा होता. अशा दिवसांत रेवदंड्याचा धर्मा तांडेल डोळ्यावर हात दाबून आला, बरोबर बायको हिरा. तांडेल म्हणजे होडीचा मुख्य. किनाऱ्यावरचं देऊळ आणि मागच्या डोंगराची खाच नजरेने एका रेषेत धरून, मासळी कुठे आहे ते ज्याला समजतं तो माणूस. होडीच्या फळीतला जुना खिळा ठोकताना त्याची कपची उडून उजव्या डोळ्यात रुतली होती. सर त्या दिवशी गावाला. रांग मोठी होती, म्हणून मी भिंतीवरचे मासे दाखवायचं टाळलं. नजर कसली तपासायची, कपची तर समोर दिसतेय! थेंब घातले, बोकडांचे आशीर्वाद घेतले आणि एका टोच्यात कपची बाहेर. धर्माने डोळा उघडला, मिटला, पुन्हा उघडला. "गो बाय! आग व्हती ती इजली! यो तं देवाचा पानी हाय!" हिरा म्हणाली, "दोन राती निजला न्हाय गो. घरी दुखला तं काय करू? थोरा पानी दे ना." धर्मा हात जोडून उभा. एवढा थोरला, समुद्राला न भिणारा माणूस माझ्यापुढे हात जोडतोय, म्हटल्यावर माझी दोन्ही वेण्यांसकट मान ताठ झाली. मी कात्री घेतली आणि सुतळी कापली. माझ्या मते मी एका सुनेला मोकळं केलं होतं. वर धर्माला सांगितलं, "आता दुखलं तरच या हं." या वाक्यातला मूर्खपणा तुमच्या लक्षात आला असेल. ती बाटली जवळ असताना त्याला दुखणार कसं?

तो आला आठ दिवसांनी. दुखत नव्हतंच, हिराने ओढत आणला, कारण बुबुळ पांढरं दिसायला लागलं होतं. या वेळी सर खोलीत होते. त्यांनी डोळ्याला हात न लावता धर्माला भिंतीसमोर उभा केला. उजव्याने त्याला भिंत दिसत होती, मासे नाहीत. मग उजवा झाकून डाव्याने बघायला सांगितलं. तिथेही नुसती भिंत. "डावा पयल्यापासूनच मेलेला हाय, डागतर," धर्मा म्हणाला. "लानपनापासून. दिसाला बरा दिसतं, पन नजर न्हाय. माजा सगला धंदा या एकाच डोल्यावर." पहिल्याच दिवशी मासे दाखवले असते तर हे मला तेव्हाच कळलं असतं. सरांनी विचारलं, "डोळ्यात काय घालत होतास?" धर्माने कमरेच्या पिशवीतून बाटली काढली, गळ्यात कापलेली सुतळी तशीच लोंबत होती. "या बायनी दिली. लई गुनाची बाय हाय तुमची. जरा सलला का दोन थेंब घालाचा न् कामाला लागाचा."

सर माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी मला पडवीत नेलं आणि जणू वर्गात शिकवतोय अशा आवाजात सांगितलं, "हे थेंब दुखणं झोपवतात. दुखणं हा डोळ्याचा राखणदार. तो झोपला की माणूस जखमेवर डोळा चोळतो, वाऱ्यात काम करतो, आणि बुबुळावरची साल भरून येत नाही. थेंब स्वतःसुद्धा ती भरू देत नाहीत. हे तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं." मी म्हटलं, "मी ऐकलं नव्हतं, सर." "असं." मग म्हणाले, "आजपासून त्याचं औषध तुमच्या हातचं. जागेपणी तासातासाला. आणि कशामुळे झालं हे त्याला तुम्ही सांगायचं." मी मान हलवली. "उद्या सांगते."

थेंब बंद झाल्यावर आठ दिवसांचं झोपलेलं दुखणं एकदम जागं झालं. आम्ही दाखल करून घेतलेला धर्मा खाटेची लोखंडी दांडी धरून बसायचा आणि मला म्हणायचा, "बाय, तवा मागता दिलास, आता कशी गो कठोर झालीस? दोन थेंब दे देवाच्या पान्याचं." ते सोडून मी सगळं द्यायची. उजव्या डोळ्यावर पट्टी, डावा निकामी, म्हणजे तो पूर्ण आंधळा. पण माझ्या चपलांच्या आवाजावरून ओळखून हाक मारायचा, "आली गो माजी बाय!" अशा माणसाला काय सांगणार, की तुझा डोळा माझ्यामुळे गेलाय? रोज सकाळी ठरवायचं आणि रोज पट्टी बांधून परत यायचं. सर विचारत, "सांगितलंत?" "उद्या, सर." नारळी पौर्णिमेला बाहेर ढोल वाजले. धर्माची होडी त्याचा धाकटा भाऊ पांडू घेऊन गेला. धर्मा भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. त्या दिवशी त्याने चपलांचा आवाज ऐकूनही हाक मारली नाही. त्या दिवशी तर मी नाहीच सांगितलं.

भादव्याच्या अखेरीला सर म्हणाले, आता नजर बघू. हॉस्पिटलची भिंत चालणार नाही, म्हणाले, याची भिंत वेगळी आहे. आम्ही चौघं एसटीने रेवदंड्याच्या किनाऱ्यावर गेलो. सरांनी पट्टी काढली, धर्माच्या डाव्या डोळ्यावर आपला तळवा ठेवला आणि विचारलं, "काय दिसतं?" त्याने डोळा बारीक केला. हिराने पदर तोंडात धरला होता. मी समुद्राकडे बघत होते, पण मला काही दिसत नव्हतं, आणि माझे तर दोन्ही डोळे शाबूत होते. "कोर्लईचा डोंगर," धर्मा हळू म्हणाला. "धुरकट हाय, पन हाय." सरांचा तळवा तिथेच. "त्याच्या अंगाला होडी हाय एक. शीड चढवतं." धर्मा जरा पुढे वाकला. "शिडाला ठिगल हाय. निला. आमचीच हाय ती!" आणि मग एकदम, सगळा किनारा हादरेल अशा आवाजात, "आरं ये पांडू! वाकडी घातलंस रं! वाऱ्यावर धर तिला! डागतर, सोड मना, यो मेला जाला फाडल माजा!" सरांचा तळवा झटकून तो पाण्याकडे पळत सुटला. बुबुळाच्या कडेला पांढरा डाग राहिला होता, मधली जागा स्वच्छ होती. हिरा वाळूत बसून रडत होती, मी तिच्या शेजारी, आणि सर? ते तोपर्यंत मासळी वाळत घालणाऱ्या एका म्हातारीची पापणी काडीवर उलटी करून बसले होते.

परतताना एसटीत त्यांनी विचारलं, "सांगितलंत?" मी म्हटलं, "आता बरा झालाय, सर. आता सांगून काय करायचं?" त्यानंतर त्यांनी मला तो प्रश्न कधी विचारला नाही. मीही सुटले असं मानून घेतलं. मी तेव्हा हुशार होते ना.

वर्षभराने माझी मुदत संपली. लग्न झालं, ठाण्याला दवाखाना थाटला. माझ्या टेबलाच्या पायालाही सुतळी होती, आणि पेशंट हसायचे. सरांना दिवाळीला पत्र जायचं, त्यांचं उत्तर यायचं; त्यात माझ्या मुलांची नावं चुकलेली असायची, पण धाकटीच्या पापण्या जरा जड वाटतात फोटोत, असं हमखास असायचं. मग सात वर्षांनी एका पावसाळ्यात पत्र आलं ते प्रधानचं. सर गेले. गावाहून मोतीबिंदू काढून आले, पडवीत बसले आणि गेले. मी सरांच्या बाईंना भेटायला गेले. आधी हॉस्पिटलात डोकावले; भिंतीवरचे मासे तसेच होते, उस्मानभाईंनी त्यांना दर वर्षी रंग दिला होता. मी बराच वेळ त्या मांदेलीकडे बघत उभी राहिले. मग बाईंना नमस्कार केला, आणि ठाण्याची गाडी पकडायची ती सोडून रेवदंड्याची पकडली.

धर्मा अंगणात जाळं शिवत होता. चपलांचा आवाज ऐकून त्याने मान वर केली आणि ओळखलं. हिराने चहा आणला. मी आधी सरांचं सांगितलं. त्याला कळलं होतं. मग मी चहाला हात न लावता, खाली बघून, आठ वर्षांपूर्वी म्हणायचं होतं ते सगळं एका दमात म्हटलं. की डोळा जायची वेळ कपचीने आली नव्हती, माझ्या बाटलीने आली होती, ती बाटली द्यायची नसते, आणि मी दिली. जाळ्यातली सुई थांबली. हिरा आणि धर्मा एकमेकांकडे बघायला लागले. मग धर्मा म्हणाला,

"मना ठावं हाय गो बाय. पट्टी बांदली त्याच दिशी डागतरनी सांगला. म्हनला, 'थेंब आमच्याकरून गेलं, चूक आमची हाय. आता औषद दुसऱ्याच्या हातानी घालू का?' मी म्हनला, न्हाय, तिच्याच हातानी घाला. जो एकदा होडी खडकावर घालतं, त्यालाच आमी मागनं सुकानूवर बसवतो. खडक कुटं हाय ता त्यालाच ठावं. पन गो बाय, डागतर दर नारली पुनवेला हितं यवाचा, माजा डोला बगाचा, न् जाताना इचाराचा, 'आमची डॉक्टरीन आली व्हती का रं?' मी म्हनाचा, आजून न्हाय डागतर, पन येल ती."